४५ डिग्रीत वाढलेल्यांनो, दमट देशात निघालात तर

अडाणकाठ

आमच्या दारव्हा-दिग्रसकडून आयटीआय झालेली पोरं आता कतार, दुबई, ओमान, सिंगापूरला जायला लागली आहेत. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी सेंट्रिंगवाला. निघताना जवळपास प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "आपल्याले काय ऊन नवं आहे का? चंद्रपूरचं ४६-४७ पाहिलेली माणसं आपण, तिथं त ४० च रायते." मी आखातात साइटवर काही वर्षं काढून आता परत शेतीवर आलो आहे. हे वाक्य मला ऐकवत नाही. याच भरवशावर पोरं पहिल्या आठवड्यात अंगावर काम ओढवून घेतात आणि आडवी होतात. म्हणून हा धागा. बाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या देशाचं लिहावं, घरच्यांनी मोकळेपणानं विचारावं.

आधी फरक समजून घ्या. आपलं मे महिन्याचं ऊन कोरडं असतं. दुपारी पारा ४५ ला असतो तेव्हा हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. घाम येतो तसा उडून जातो, अंगावर फारसा दिसतही नाही, बनियानवर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात आपल्याला जिवंत ठेवतं ते हे वाळणं. नुसता घाम येऊन भागत नाही. जो घाम वाळत नाही, निथळून जमिनीवर पडतो, त्याच्यासोबत अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र अंगातच राहते.

आता हे आकडे बघा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला की जो आकडा मिळतो त्याला ओलं तापमान म्हणतात. ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रतेला तो साधारण २४ येतो. ३५ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रतेला तो ३० येतो. म्हणजे साधा पारा १० डिग्रीनं उतरला, पण घाम वाळायला हवा उलट जड झाली. हा ओला आकडा ३५ ला पोचला तर सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकत नाही, असं शास्त्रज्ञांचं गणित आहे. तरुण निरोगी माणसांवर अमेरिकेत प्रत्यक्ष चाचण्या केल्या तेव्हा दमट हवेत ३०-३१ लाच त्यांच्या अंगातलं तापमान आवरेना.

ही हवा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. घरचा कूलर आठवा. मे महिन्यात वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा दुपारी गारठवते. जूनमध्ये पहिला पाऊस येऊन आभाळ उघडलं की तोच कूलर नकोसा होतो, अंग चिकट होतं, शेवटी पाणी बंद करून नुसता पंखा लावतो आपण. आखातात ऑगस्ट-सप्टेंबरला तशी हवा असते, पारा मात्र त्याच्याही बराच वर. आणि तिथं रात्रही सुटका देत नाही. तिथला समुद्र उथळ आहे, उन्हाळ्यात पाणीच ३२-३३ च्या वर जातं, वारा समुद्राकडून फिरला की सगळा ओलावा किनाऱ्यावर. जूनमध्ये बहुतेक वेळा वायव्येचा कोरडा वारा असतो. त्यामुळे जूनला पोचलेल्या पोराला वाटतं की आपल्यासारखंच तर आहे, आणि ऑगस्टात तो बेसावध सापडतो.


तुळसओटा

भाऊ, माह्या पोराचं दोह्याचं तिकीट आलं. पुढच्या महिन्यात जाते तो. त्याच्या संग काय देऊ, सांगजा. माठ त काही नेता येत नाही. दुपट्टे देल्ले, कांदा खिशात ठेवजो म्हटलं त हासते. आंबाडीचं सरबत, नाही त पन्ह्याचा गर आटवून देल्ला त चालन का? आन साइटवर दुपारी काम चालू रायते का बंद रायते? कंपनीवाले सांगतात बंद रायते म्हणून, पण मले भरोसा नाही. रातभर झोप लागत नाही याच विचारानं.


अडाणकाठ

काकू, दुपारचं काम बंद ठेवायचा तिथं कायदाच आहे, मेहेरबानी नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करून घेता येत नाही. २०२१ पासून ही वेळ वाढवली आहे. त्याशिवाय ऊन, वारा, ओलावा सगळं धरून एक एकत्रित आकडा (डब्ल्यूबीजीटी, वरच्या ओल्या तापमानाहून वेगळा) मोजतात, तो ३२.१ च्या वर गेला की दिवसाची कुठलीही वेळ असो, काम थांबवायचं. पोराला हे पाठ करून पाठवा. मुकादमासमोर भांडायला नाही, पण नियम माहीत असलेल्या माणसाला दाबणं सोपं जात नाही.

बाकी देशांच्या वेळा वेगळ्या. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३. सौदीत त्याच तारखा, १२ ते ३. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट १२:३० ते ३:३०. कुवेतमध्ये याच तीन महिन्यांत सकाळी ११ ते ४. पण या वेळांच्या बाहेर धोका नाही असं समजू नका. पहाटे आणि रात्री आर्द्रता सगळ्यात जास्त असते. रात्रपाळीतही माणसं कोसळतात.

कांद्याचं विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. खिशातल्या कांद्यानं ऊन अडत नाही. तो जेवणात खाऊ द्या. दुपट्टा मात्र नक्की द्या, सुती आणि पातळ. कोरड्या वाऱ्यात ओला दुपट्टा कानाला बांधला की आपल्याला बरं वाटतं, तिथल्या ओल्या हवेत तो तेवढा गार होत नाही आणि हेल्मेटखाली चिकटून बसतो. तिथं त्याचा उपयोग ऊन अडवायला आणि घाम टिपायला. सावलीत पंख्यासमोर बसला की मानेवर, हातांवर पाणी मारून घ्यायचं, ते चांगलं. पन्ह्याचा गर बॅगेत सांडेल, शिवाय टिकणार नाही. ओआरएसच्या पुड्या द्या. संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पन्हं आपल्याकडे उन्हात चालतं तेही याचमुळे, त्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतं.


पीएचसी_सेलू

मी वर्धा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. उन्हाळ्यात आमच्याकडे उष्माघाताचे रुग्ण येतात, त्यामुळे हा विषय माझ्या रोजचा आहे. तुळसओटा काकू, तुमच्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचे असतील ते पहिले दोन आठवडे.

शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर यायला लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. पण ही सवय घरी बसून लागत नाही, उकाड्यात थोडंथोडं काम करूनच लागते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या संस्थेचा सल्ला असा की नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या फक्त २० टक्के द्यावं आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. उकाड्यात कामावर मरण पावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले नवे कामगार फार मोठ्या प्रमाणात असतात. विदर्भातून एप्रिल-मे मध्ये शेतात राबून गेलेल्या पोराची थोडी तयारी झालेली असते हे खरं. पण ती कोरड्या हवेची. हिवाळ्यात निघालेला किंवा एसी वर्गात बसून ट्रेनिंग घेऊन निघालेला तर पूर्ण नवखाच.

पाणी तहान लागण्याआधी. काम चालू असताना दर १५-२० मिनिटांनी एक कप, तासाला दीड लिटरच्या वर नको. एकदम दोन-तीन लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, तेही जिवावर बेततं. दोन वेळचं नीट जेवण झालं असेल तर बहुतेकांना मीठ जेवणातून मिळतं. जेवण टाळून काम करणाऱ्यांना गोळे येतात. लघवीचा रंग बघायची सवय लावा, गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

अंगदुखीसाठी पोरं दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेतात आणि रोज खातात. घामानं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर थेट घाव घालतात. आखातातून परतलेल्या नेपाळी कामगारांमध्ये मूत्रपिंडं निकामी झालेले तरुण डॉक्टरांना दिसत आले आहेत, त्यामागे उकाड्यातलं कष्टाचं काम आणि पाण्याची कमतरता ही कारणं मांडली जातात. आपल्या पोरांनी हे गंभीरपणे घ्यावं.

आता उष्माघात. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, चिडचिडा झाला, विचारलेल्याचं उत्तर देईना, झटके आले किंवा पडला, आणि अंग तापलेलं आहे, तर तो उष्माघातच समजायचा. आपल्याकडे शिकवतात की अंग कोरडं पडतं. मेहनतीच्या कामात झालेल्या उष्माघातात अंग घामानं ओलं असू शकतं, त्या खुणेवर विसंबू नका. अंगातलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. अँब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत गार करत राहा. कपडे सैल करा, बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मानेपर्यंत त्यात बसवून डोकं धरून ठेवा, नसेल तर पाइपनं सतत पाणी मारा, पंखा लावा, बर्फ मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप नाही, गोळीनं उतरत नाही.


वणी_खुलीखाण

डॉक्टरसाहेबांचं सगळं पटलं. पण धागाकर्त्याच्या लिहिण्यातून असं वाटते की आपलं कोरडं ऊन म्हणजे काही नाही. आम्ही खुल्या कोळसा खाणीत काम करतो. मे महिन्यात खालचा दगड आणि कोळसा असा तापतो की बुटातून चटके लागतात. कोरड्या उन्हातही माणसं मरतात, दरवर्षी मरतात. घाम दिसत नाही म्हणून किती पाणी गेलं तेच कळत नाही, हा कोरड्या उन्हाचा दगा आहे. गावातल्या पोरांनी हे वाचून "आपलं ऊन सोपं" असा अर्थ काढू नये.


अडाणकाठ

बरोबर बोललात भाऊ, हे धाग्यात यायलाच हवं होतं. कोरड्या उन्हात पाणी आणि सावली मिळाली तर शरीर स्वतःला गार करू शकतं, म्हणून तिथं पाणी-सावलीचा बंदोबस्त केला की जीव वाचतो. दमट हवेत पाणी आहे, सावली आहे, तरी शरीराचा उपाय चालत नाही, तिथं काम थांबवणं आणि गार खोलीत बसणं हाच बंदोबस्त. एवढाच मुद्दा.


धानबांधी

भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूरकडची. नवरा आणि मी दोघंही सिंगापूरला आहोत, मी केअरगिव्हर, तो जहाज दुरुस्तीच्या गोदीत.

आमच्या झाडीपट्टीतल्या लोकांना या हवेची थोडी ओळख असते. जुलैत रोवणी चालू असते, बांधीत गुडघाभर चिखल, वरून ऊन, पाऊस दोन दिवस दडलेला, खालून वाफ. कंबर वाकवून रोवणाऱ्या बायांना विचारा मे जड की जुलै, त्या जुलै सांगतील. सिंगापूर बाराही महिने त्याच अंगाचं आहे. पारा ३१ ते ३३ च्या वर फारसा जात नाही, म्हणून इंटरनेटवर बघून कुणालाच भीती वाटत नाही. सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. हिवाळा येऊन अंगाला विसावा मिळेल असं इथं होत नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून इथं उघड्यावरच्या कामाला नियम आहेत. काम चालतं तिथं उष्णतेचा तो एकत्रित आकडा दर तासाला मोजतात. ३२ झाला की जड काम करणाऱ्याला तासाला किमान १० मिनिटं विश्रांती, ३३ झाला की १५ मिनिटं. नव्या कामगाराला सात दिवस हळूहळू सवय लावायची आणि दर तासाला पाणी. नवरा म्हणतो, विश्रांतीची १० मिनिटं मोबाइल बघत उन्हात उभं राहून घालवू नका, पंखा असलेल्या सावलीतच जा, हेल्मेट काढा, बूट सैल करा.

बायकांच्या बाजूनं एक सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. इथं कातडीचे त्रास फार. घामोळ्या तर येतातच, पण जांघेत, स्तनांखाली, काखेत नायटा होतो आणि लाजेपायी सांगत नाहीत. गावाकडून येताना मेडिकलमधून खाज थांबवणारी मलमं आणतात. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. नुसतं बुरशीचं मलम डॉक्टरला विचारून आणा. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका, दिवसातून दोनदा आंघोळ, आतले कपडे सुती आणि रोज दोन जोड. खोलीत वाळत घातलेले कपडे इथं दोन-दोन दिवस दमट राहतात, ते घालू नका, इस्त्री फिरवा.


तुळसओटा

पोरी, चांगलं सांगतलं तू. मलम मी त बॅगेत टाकून ठेवलं होतं, काहाडते आता.


वरूडची_संत्री

जपानमध्ये आहे, कंपनीत ऑफिसचं काम. वाटेल की ऑफिसवाल्याला कसला त्रास, पण जुलै-ऑगस्टमध्ये स्टेशनपासून घरापर्यंत दहा मिनिटं चालून शर्ट पिळावा लागतो. जूनच्या मध्यापासून महिनाभर इथली पावसाळी रिपरिप, ती संपली की एकदम उकाडा येतो आणि त्या पहिल्या आठवड्यात अँब्युलन्सची धावपळ वाढते. डॉक्टरांनी सवय लागण्याचं लिहिलं ते इथं दरवर्षी दिसतं. १ जून २०२५ पासून इथंही मालकांवर सक्ती झाली आहे. एकत्रित आकडा २८ किंवा पारा ३१ च्या वर असताना सलग तासाभराहून जास्त किंवा दिवसात चार तासांहून जास्त काम असेल तर उष्माघाताची खूण दिसलेल्या माणसाचं काय करायचं, कोणाला कळवायचं, हे आधीच ठरवून सगळ्यांना सांगावं लागतं.

आपल्या लोकांसाठी घराचं लिहितो. आपल्याकडे उकडलं की खिडक्या उघडायच्या आणि कूलर सोडायचा. इथं ते उलटं. खिडकी उघडली की ओलावा आत. एसीला ड्राय मोड असतो, पावसाळी दिवसांत पारा फार नसताना तो लावा, खोली कोरडी झाली की २७-२८ लाही झोप लागते. कडक उकाड्याच्या दिवशी मात्र सरळ कूलिंगच, बिलाचा विचार त्या दिवशी करू नका. ऐपत आहे म्हणून छोट्या खोलीला मोठा एसी घेऊ नका. तो खोली पटकन गार करून बंद पडतो आणि ओलावा तसाच राहतो, गार आणि चिकट अशी हवा होते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे बुरशी धरते. गादी रोज उभी करा. मसाले, डाळी हवाबंद डब्यात घाला. घरून आणलेल्या तिखटाला इथं पहिल्याच वर्षी बुरशी येते.

पिण्यासाठी इथले लोक भाजलेल्या जवसाचा, म्हणजे सातूचा, थंड काढा पितात. चहासारखा दिसतो पण चहाचं पान नसतं त्यात. सातूचं पीठ आपल्या आजीला माहीत होतं, त्यामुळे मला तो लगेच आवडला.


पीएचसी_सेलू

गैरसमज होऊ नये म्हणून: सातू म्हणजे जव. आपल्या विदर्भात जवस म्हणजे ज्याचं तेल निघतं ती अळशी, ती वेगळी.


वरूडची_संत्री

हो डॉक्टर, जवच म्हणायचं होतं. धन्यवाद.


हिंगणघाट_वायगाव

माझा प्रश्न कामगारांचा नाही. आई-बाबा जूनमध्ये ह्यूस्टनला जाणार आहेत, बहिणीचं बाळंतपण आहे. दोघंही साठी ओलांडलेले, आयुष्य शेतात गेलं. बाबांना बीपीची गोळी आहे. एसीत हाडं दुखतात म्हणून ते तिथं एसी बंद करून खिडकी उघडतील आणि संध्याकाळी लांब फिरायला जातील, याची मला खात्री आहे. बहीण बाळंतीण, ती कुठं लक्ष ठेवणार?


आर्वीकर_टेक्सास

माझे आईवडील आले होते तेव्हा नेमका हाच प्रश्न होता, म्हणून सविस्तर लिहितो. ह्यूस्टन मेक्सिकोच्या आखाताजवळ आहे, जून ते सप्टेंबर पारा ३४-३६ आणि हवा जड. घरं लाकडी चौकटीची, बंद, एसी गृहीत धरूनच बांधलेली. खिडक्या उघडून वारा खेळेल अशी रचनाच नसते. एसी बंद केला तर दुपारपर्यंत घर भट्टी होतं.

हाडं दुखतात ही तक्रार खरी असते, तिला हसू नका. आपले लोक २० वर लावलेल्या घरात कुडकुडतात आणि मग तो बंदच करतात. त्यांच्या खोलीतली हवा थेट अंगावर येणार नाही अशी झडप फिरवा, थर्मोस्टॅट २५-२६ वर ठेवा आणि छताचा पंखा हळू चालू ठेवा. पायात मोजे, अंगावर पातळ शाल. आमच्याकडे यावर दोघंही राजी झाले. फिरायला सकाळी लवकर. तेव्हा हवा ओलसर असते, पण ऊन नसतं आणि पारा २५ च्या आसपास असतो. संध्याकाळी सातला डांबर तापलेलं असतं. घराजवळचं मोठं दुकान किंवा मॉल चालायला चांगला, तिथं दोन चकरा मारल्या तरी पाय मोकळे होतात.

आणखी एक. बाळाला गाडीत ठेवून "दोन मिनिटांत येतो" असं कोणीही करायचं नाही, अगदी काच थोडी उघडी ठेवूनही नाही. बंद गाडी फार झपाट्यानं तापते आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.


पीएचसी_सेलू

हिंगणघाटकर, बाबांची बीपीची गोळी कोणती ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या लघवी वाढवून बीपी उतरवतात, घामाच्या दिवसांत त्यांचा डोस बघावा लागतो. स्वतःहून बंद मात्र करू नका. काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, त्यामुळे त्रास होत असूनही लवकर कळत नाही. वय झालं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणून पाण्याचा तांब्या समोर ठेवून वेळेवर प्यायला लावायचं. ज्येष्ठात उपास धरतात, तिथं निर्जळी नको. बाळंतिणीला गरम खोलीत कोंडून शेक-शेगडी करायची पद्धत घरातल्या बायकांना सोडायला सांगा, तिथल्या हवेत ती आईला आणि बाळाला दोघांनाही अपायकारक आहे.


हिंगणघाट_वायगाव

हे सगळं वाचून दाखवलं. आईचं शेगडीवरून थोडं वाजलं, पण बाबा सकाळच्या फिरण्याला हो म्हणाले. गोळी उद्याच दाखवतो.


तुळसओटा

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहूनच गेलं. पोरगा वर्षानं सुट्टीवर येईन. महिनाभर घरी राहून परत गेला त त्याची सवय रायते का जाते?


पीएचसी_सेलू

जाते, काकू. आठवड्याभरात उतरायला लागते आणि महिन्यात जवळजवळ संपते. तो दिवाळीला आला, थंडीत राहून गेला तर पुढच्या उकाड्यात तो नव्यासारखाच. त्यानं मुकादमाला सांगून पहिल्या दिवशी निम्मं काम घ्यावं आणि चार-पाच दिवसांत पूर्णावर यावं. जुना माणूस म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण काम अंगावर टाकतात, तिथंच घात होतो. ताप, जुलाब झाले असतील तर बरं वाटल्यावरही दोन दिवस हलकं काम.


अडाणकाठ

काकू, पोराच्या मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे हे नंबर लिहून द्या. कतार ९९९. बाकीच्यांसाठी: अमिरातीत अँब्युलन्स ९९८, सौदीत ९९७, ओमानमध्ये ९९९९, सिंगापूर ९९५, जपान ११९, अमेरिका ९११. आणि खोलीवर पोचला की पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचारून ठेवायला सांगा, साइटवर गार खोली कुठं आहे आणि बर्फ कुठं मिळतो.


तुळसओटा

लिहून घेतलं भाऊ. नंबर त्याच्या वहीत आन माह्याबी वहीत.